तुमच्या प्रश्नावलीत माझा रकाना कुठाय?

प्रति,
पुण्यात बसून ई-गव्हर्नन्स, डिजिटल गव्हर्नमेंट, डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन यावर पीएचडी करणारे आणि करवून घेणारे सगळे सर-मॅडम

विषय: चॅप्टर दोन, आणि त्यात नसलेलं बरंच काही

स.न.वि.वि.

तुम्ही मला ओळखत नाही पण मी तुमच्या प्रबंधांचं चॅप्टर दोन ओळखते. धनकवडीत माझं छोटं सेवा केंद्र आहे, दाखले, सातबारा, आधारची प्रिंट, पॅनचा फॉर्म, लाइट बिल, आणि त्याच गाळ्यात झेरॉक्स-बाइंडिंग, कारण जून-जुलै सोडला तर नुसत्या दाखल्यांवर भाडं निघत नाही. आसपास कॉलेजं भरपूर, त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध माझ्याकडे छापायला येतात. अडीचशे पानं म्हणजे मशीन मधेच तापतं, थांबावं लागतं, आणि थांबलं की माणूस समोर पडलेलं वाचतो. माझं स्वतःचं एम.ए. लोकप्रशासनात झालंय, पीएचडीचं मनात होतं, राहून गेलं. म्हणून हा विषय, सरकारी कामं ऑनलाइन करण्याचा, दिसला की मी पान उलटतेच आणि आधी चॅप्टर दोन काढते, लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधी कुणी काय लिहून ठेवलंय त्याचा आढावा, पुढे काय येणार ते तिथेच कळतं. (ज्याचा प्रबंध त्याला विचारूनच वाचते. बहुतेक वेळा.)

तर गेल्या दहा-बारा वर्षांत या चॅप्टर दोनमध्ये काय आलं नि काय गेलं ते मी गल्ल्यावर बसून बघितलंय. सुरुवातीला जो यायचा त्याच्याकडे एक जिना असायचा. लेन आणि ली यांचं २००१ सालचं चार पायऱ्यांचं मॉडेल, आकृती सगळ्यांची तीच, रंग फक्त वेगळे. पहिली पायरी म्हणजे माहिती वेबसाइटवर टाकायची, दुसरी म्हणजे फॉर्म आणि पैसे ऑनलाइन घ्यायचे, तिसरी उभी जोडणी, म्हणजे एकाच कामाचं खालचं ऑफिस ते वरचं ऑफिस एका सिस्टिमवर, आणि चौथी आडवी जोडणी, वेगवेगळ्या खात्यांनी माहिती आपापसात घ्यायची, नागरिकाला हेलपाटे नाहीत. एस्टोनियाने २००१ पासूनच एक्स-रोड नावाची अशी देवाणघेवाण बसवली, तिथे एकदा दिलेली माहिती सरकारने परत मागायची नाही असा दंडक आहे. हे वाचून मला दर वेळी हसू येतं, कारण आमच्याकडे एका खात्याने डिजिटल सही करून दिलेला उत्पन्नाचा दाखला मी डाउनलोड करते, प्रिंट काढते, त्यावर गिऱ्हाइकाची स्वसाक्षांकनाची सही घेते, परत स्कॅन करते, केबी कमी करते आणि दुसऱ्या खात्याच्या पोर्टलवर चढवते. सरकार एकच. म्हणजे तुमच्या आकृतीतली ती चौथी पायरी मी आणि माझा स्कॅनर मिळून रोज चढतोय, त्याचे पानाला पाच रुपये.

मग काही वर्षं सगळ्यांकडे हीक्स. मँचेस्टर विद्यापीठातले रिचर्ड हीक्स, २००३ सालचा पेपर, विकसनशील देशांतल्या ई-गव्हर्नन्सच्या प्रकल्पांपैकी ३५ टक्के साफ फसलेले, ५० टक्के अर्धवट फसलेले, १५ टक्के यशस्वी. हा ढोबळ अंदाज होता, पण प्रबंधांमध्ये तो असा येतो जणू कुणी कालच मोजून आलंय, आणि वीस वर्षं झाली तरी आकडा हलत नाही. मला आकड्यापेक्षा त्यांचं कारण पटलं. कागदावर धरलेलं जग आणि खरं जग यात जितकं अंतर जास्त तितका प्रकल्प फसायची शक्यता जास्त. फॉर्मने धरलेलं असतं की प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाइल आहे, तो नंबर दहा वर्षं तोच आहे, आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या बायकांचं बघा, आधारवर नावापुढे 'बाई', रेशनकार्डावर 'बाई' नाही, बँकेत माहेरचं नाव, आणि सातबाऱ्यावर तर नाव लागलेलंच नाही, भावाने अजून लावलं नाही. आता हिला 'युजर' म्हणा.

आणि मग आली प्रश्नावली. इथे मी जरा थांबणार आहे.

टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल. डेव्हिस, १९८९. ऑफिसातली माणसं कॉम्प्युटर सिस्टिम स्वीकारतील का हे आधीच ओळखायला निघालेलं मॉडेल, ही वस्तू मला उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का एवढ्या दोन गोष्टींवर उभं. ते उचलून आपण नागरिक आणि पोर्टल याला लावलं, ठीक आहे, लावा. पण लावलं कसं ते सांगते. जूनमधला सोमवार, दाखल्यांचा सीझन, दुकानाबाहेर रांग, सर्व्हर रांगत चाललेला, आणि एक मुलगा प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आला, ताई पन्नास भरून द्याल का, तुमच्याकडे गर्दी असतेच. मुलगा गरीब वाटला, सबमिशन डोक्यावर, मी म्हटलं ठेव. पहिले होते एक रिक्षावाले काका, मुलीच्या नॉन-क्रीमीलेयरसाठी आलेले. म्हणाले, हा पण अर्जाला जोडायचाय का? म्हटलं नाही काका, हा वेगळा आहे, कॉलेजवाल्यांचा. तर म्हणाले, मग सगळ्याला सहमत टाक, उगाच दाखला अडायचा. त्यांच्यामागे उभ्या असलेल्यांनी ऐकलं आणि पुढच्या सगळ्यांनी पूर्णपणे सहमत, पूर्णपणे सहमत, पूर्णपणे सहमत. एक मावशी तेवढ्या नीट वाचत होत्या. 'मला पोर्टलवर विश्वास वाटतो' या वाक्याशी थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, पोर्टल म्हणजे तुम्हीच ना? मी काही बोलायच्या आत खूण करून मोकळ्या.

काही महिन्यांनी तोच प्रबंध माझ्याकडे बाइंडिंगला. तक्ता काढून बघितला तर विश्वासाची सरासरी पाचपैकी चारच्या वर, आणि खाली निष्कर्ष, पुणे शहरातील नागरिकांचा ऑनलाइन सेवांवरील विश्वास उच्च आहे. मी काय बोलणार. सोनेरी अक्षरं टाकून दिली.

मुलाची चूक काढत नाहीये मी. गाइड म्हणतो सॅम्पल साइज एवढा हवा, विद्यापीठ म्हणतं टेस्ट लावा, मुलगा तरी काय करेल. पण सर, मॅडम, तुम्हाला तरी ठाऊक आहे ना की त्या रांगेतल्या एकानेही ते पोर्टल आयुष्यात उघडलेलं नाही? त्यांना सोपं काय वाटलं तर मला शंभर रुपये देणं. 'सोपेपणा' तुम्ही ज्याचा मोजला ते माझं दुकान आहे.

अजून एक गोष्ट दाखवते जी कुठल्याच चॅप्टरमध्ये आलेली मी पाहिली नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये एक लाल वही आहे, लांब, रजिस्टरसारखी. त्यात गिऱ्हाइकांचे युजरनेम आणि पासवर्ड आहेत, स्कॉलरशिपचे, पेन्शनचे, कशाकशाचे. मी मागितलेले नाहीत, लोक स्वतः सांगतात ताई तुमच्याकडेच लिहून ठेवा, घरी कागद हरवतो. ज्यांना मेल आयडी नाही त्यांच्या खात्याला माझा मेल लावलेला आहे. तुमच्यापैकी कुणाचा विषय प्रायव्हसी असेल, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर काम चालू असेल, तर वही बघून चक्कर येईल. मलाही कधीकधी झोप लागत नाही. पण तुमच्या तक्त्यात ही सगळी माणसं 'नोंदणीकृत ऑनलाइन वापरकर्ते' म्हणून बसलेली आहेत आणि त्यांच्या जागी लॉगिन करणारी बाई एकच आहे. युनायटेड नेशन्सच्या ई-गव्हर्नमेंट सर्व्हेत २०२४ ला भारत ९७ वा आणि डेन्मार्क पहिला, हा आकडा आता नव्या प्रबंधांत यायला लागलाय. तो निर्देशांक ऑनलाइन सेवा, टेलिकॉमच्या सोयी आणि लोकांचं शिक्षण वगैरे अशा तीन भागांचा बनतो, मी सगळा वाचला, लाल वही कुठल्या भागात धरायची ते मला सापडलं नाही.

बरं, सगळं वाईटच सांगते असं समजू नका. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ ला आला आणि त्याने खरोखर फरक पडला. आधी उताऱ्यासाठी तलाठ्याला गाठायचं म्हणजे तो आज कुठल्या गावात आहे इथपासून शोध, आता माझ्याकडे गट नंबर सांगा आणि चहा येईपर्यंत उतारा हातात, बँकेत चालतो, वर सही-शिक्का मागायला जायला लागत नाही. हे सगळं ज्या जमाबंदी आयुक्तांच्या अखत्यारीत चालतं ते ऑफिसही इथेच, पुण्यात. तरी मला आतापर्यंत जमीन विषयाचे जे प्रबंध आले त्यात ब्लॉकचेन होतं, म्हणजे एकदा केलेली नोंद मागाहून बदलता येऊ नये अशी कॉम्प्युटरमधली वही. ब्लॉकचेनने जमिनीचे रेकॉर्ड कसे सुरक्षित होतील. अहो आधी फेरफार का अडतात ते तर बघा, वारसाची नोंद का राहते, बहिणींची नावं कशी गळतात. चुकीची नोंद ब्लॉकचेनवर टाकली तर ती कायमची चुकीची राहील, एवढं मला झेरॉक्सवालीला कळतं.

ट्रेंडचं असंच असतं म्हणा. २०१६ च्या जूनमध्ये स्मार्ट सिटीच्या कामांचा शुभारंभ बालेवाडीला पंतप्रधानांच्या हस्ते झाला आणि पुढची दोन-तीन वर्षं माझ्याकडे जो येईल तो स्मार्ट सिटी, सेन्सर, ओपन डेटा. मग ब्लॉकचेन. मग कोविड. आता दोन वर्षं सगळे एआय, चॅटबॉट. विषय बदलतो तसं शीर्षक बदलतं, आत प्रश्नावली तीच. आधी 'ई-गव्हर्नन्स' असायचं तिथे आता 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन' लिहितात. वास्तविक हा फरक नीट उलगडून सांगणारा पेपर आहे, मर्गेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१९ चा, तज्ज्ञांच्या मुलाखती घेऊन केलेला. कागद स्कॅन करणं वेगळं, तीच पद्धत ऑनलाइन करणं वेगळं, आणि कारभाराची रीतच बदलणं वेगळं, ट्रान्सफॉर्मेशन हे तिसऱ्याचं नाव. आपल्याकडे तो पेपर सगळे कोट करतात आणि पुढच्याच पानावर पीडीएफ अपलोडला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात.

यातल्या एका नव्या वळणावर मात्र मी खूश आहे आणि ते तुमच्यातल्या तरुण लोकांनी धरलंय. त्यांच्या रेफरन्समध्ये आता हर्ड आणि मॉयनिहन हे दोघे अभ्यासक दिसतात. सरकारी कामाचा नागरिकाला पडणारा भार ते तीन भागांत मोजतात, एक म्हणजे काय लागतं हे शोधून काढायचा त्रास, दुसरा कागद जमवायचा, रांग लावायची, पैसे मोडायचे, आणि तिसरा मनाचा, अपमान, भीती, ताण. हा तिसरा वाचला तेव्हा मशीन थंड झालं तरी मी पुढचं पान लावायचं विसरले. कारण आदल्याच आठवड्यात खडकवासल्याच्या पलीकडून एक आजी आल्या होत्या, निराधार पेन्शनच्या कामाला. आधारच्या मशीनवर बोट लागेना. चार वेळा पुसलं, लिंबू चोळलं, परत लावलं, नाही. जन्मभर भाताच्या लावणीत आणि भांड्यात गेलेली बोटं. मग ओटीपीने बघू म्हटलं तर नंबर मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत. आजी माझ्या समोरच्या स्टुलावर अडीच तास बसल्या, आणि दर थोड्या वेळाने मलाच म्हणायच्या, तुला त्रास होतोय गं पोरी, माझंच काहीतरी चुकलं असेल. कुठल्या रकान्यात लिहायचं हे? देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात बोट न लागणाऱ्यांवर मराठीत एक जाडजूड प्रबंध तरी यायला हवा होता, माझ्या मशीनवर तरी आलेला नाही.

दुसरं एक, खिडकीवरचा कारकून. सरकार म्हणजे प्रत्यक्षात खिडकीवरचा माणूसच, असं जुनं संशोधन सांगायचं, तो नियम ताणतो, सैल करतो. बोव्हेन्स आणि झुरिडिस या दोघा डच अभ्यासकांनी २००२ मध्येच लिहिलं की आता हा अधिकार खिडकीवरून उठून सिस्टिम बनवणाऱ्याकडे जाणार. आणि पुढे त्यांच्याच देशात ते किती महागात पडू शकतं ते दिसलं, मुलांच्या संगोपनाच्या भत्त्यात हजारो आईबापांना फसवणूक करणारे ठरवून पैसे परत मागितले, घरं उद्ध्वस्त झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट तसंच, सरकारी भत्त्यांची कॉम्प्युटरने केलेली वसुली, वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यात सरासरी काढून गरिबांवर खोटी देणी बसवली, २०२३ ला रॉयल कमिशनचा, म्हणजे चौकशी आयोगाचा, अहवाल आला. आमच्याकडे एवढं मोठं नसेल, आमच्याकडे ड्रॉपडाउन आहे, ऑनलाइन फॉर्ममधली ती ठरीव यादी, त्यातलंच काहीतरी निवडायचं. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला आणखी २३. त्या गावांतला माणूस माझ्याकडे आला की आधी प्रश्न, गाव निवडायचं की शहर? गाव निवडलं तर एक यादी उघडते, शहर निवडलं तर त्याचा भागच त्यात नाही, आणि 'इतर' हा पर्याय नाही. पूर्वी कारकुनाला सांगता यायचं, साहेब आमचं असं असं आहे, तो कुरकुरला असता, कदाचित चहापाणी पण मागितलं असतं, पण त्याने पेनाने लिहिलं असतं. ड्रॉपडाउनला कसं समजवायचं? ही यादी कोण बनवतं, कुठे बसतं, ती बदलायला अर्ज कुणाकडे करायचा, हा पीएचडीचा विषय नाही का?

आणि कृपा करून डिजिटल चांगलं की वाईट असली वादसभा तरी घालू नका. अर्थशास्त्रज्ञांच्या एकाच टीमने आंध्रात बोट ओळखून पैसे देणाऱ्या स्मार्टकार्डावर काम केलं, तिथे रोजगार हमीची मजुरी लवकर मिळायला लागली, गळती कमी झाली. मग त्याच लोकांनी झारखंडात रेशनला आधारचं बोट सक्तीचं केल्यावर काय झालं ते तपासलं, तिथे ज्यांचं आधार रेशनकार्डाशी जोडलेलं नव्हतं त्यांचं रेशन तुटलं. तंत्र जवळपास तेच, पण कसं लावलं, नाही जमलं तर दुसरा रस्ता ठेवला का, यावर सगळं फिरलं. हे त्यांना कळलं कारण ते नागरिकाच्या दारात गेले, काय मिळालं ते विचारलं.

लांब कशाला, वारणानगर घ्या. १९९८ ला कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी वायर्ड व्हिलेज प्रकल्प निघाला, गावोगावी कॉम्प्युटरची केंद्रं, केवढं कौतुक झालं होतं. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधनवाल्यांनी तिथे जाऊन बघितलं की या केंद्रांवर लोक नक्की काय करतात, तर मुख्यतः उसाचा हिशोब, माझा ऊस किती वजनाचा भरला, खत किती उचललं. इंटरनेटशी फारसा संबंधच नाही. मग त्यांनी काय केलं, कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितला आणि काम झालं, स्वस्तात झालं. असा एक अभ्यास मला पन्नास प्रश्नावल्यांपेक्षा जास्त आवडतो, आणि तो ऊसवाल्यांमध्ये जाऊन बसल्याशिवाय झाला नसता.

तेव्हा माझं मागणं काय, तर आता जो नवा विद्यार्थी येईल त्याला 'किती अर्ज ऑनलाइन आले' मोजायला लावू नका, ते डॅशबोर्ड मोजतोच आहे, त्याला त्रुटीत परत आलेले अर्ज मोजायला लावा. का आले, किती वेळा आले, 'कागद अस्पष्ट' हा शेरा मारलेला कागद खरंच अस्पष्ट होता का. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे, प्रत्येक दाखल्याला दिवस ठरवून दिलेत, वेळेत नाही मिळालं तर अपील आहे. पण मुदत संपायच्या आदल्या दिवशी अर्ज त्रुटीत परत पाठवला तर मधल्या दिवसांचं काय, ते वेळेत धरतात की उशिरात, आणि माझ्या दुकानातल्या किती लोकांना अपील हा शब्द माहितीये? (मी विचारून बघितलंय. कोर्टात जायचं का ताई, म्हणतात.) माहिती अधिकार टाका, आकडे मागवा, हे तुम्हाला जमतं, आम्हाला टाकायला भीती वाटते, उद्या त्याच टेबलाशी काम असतं.

आणि जे काही लिहाल त्याची चार पानं मराठीत काढा. तुमचे ते 'गव्हर्नमेंट इन्फर्मेशन क्वार्टर्ली' नावाच्या इंग्रजी संशोधन पत्रिकेतले पेपर, बरेचसे पैसे भरल्याशिवाय उघडतच नाहीत, आणि उघडले तरी मी वाचेन, माझ्या शेजारचा सेंटरवाला नाही वाचणार, तहसीलच्या टेबलावरची मॅडम नाही वाचणार. तिला ते वाचायला मिळालं तर ती काय म्हणेल हे ऐकायची मला फार उत्सुकता आहे, कारण तिच्या बाजूला पण एक लाल वही असणार.

दुकान सकाळी साडेनऊला उघडतं. शक्यतो जूनमधल्या सोमवारी या, आजी बसल्या होत्या तो स्टूल रिकामा ठेवते, दिवसभर बसा, डबा आणलात तर बरं, जेवायला उठायला होत नाही. प्रश्नावली आणू नका. आणलीच तर झेरॉक्स दोन रुपये पान, पाठपोट तीन.

आपली नम्र,
एक सेवा केंद्रवाली ताई, धनकवडी

ता.क. मार्चमध्ये 'स्मार्ट गव्हर्नन्समधील एआय' या विषयाच्या तीन प्रती बाइंडिंगला टाकून गेलेल्या सरांनी त्या अजून नेल्या नाहीत. काळं कव्हर आहे. चॅप्टर दोनमध्ये तो जिना आहेच, पण आकृती उलटी छापली गेलीये, चौथी पायरी खाली आणि पहिली वर. फाइलमध्येच तशी होती, मी तपासलं.